कोथिंबीर शून्य रुपये

७ नोव्हेंबर

मला नोकरी लागली. चोपन्नाव्या वर्षी. पद्माकरांना सांगितलं तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसून मोजे काढत होते. एक मोजा हातात तसाच धरून म्हणाले, "पण जूनमध्ये मी रिटायर होतोय. मग आपण पुण्याला जायचं ना?" मी म्हटलं, जूनचं जूनमध्ये बघू. पुण्याला जायचंच आहे, त्यात वाद नाही. दिल्ली काही आपली नव्हे. बावीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये राहिलं म्हणून कुणी इथलं होत नाही. पण तोवरचा हिवाळा मी लक्ष्मीबाई नगरच्या बायकांबरोबर उन्हात बसून मटार सोलण्यात घालवणार नाही.

काम असं आहे. परदेशातून इथे बदलून आलेल्या लोकांना त्यांच्या कंपन्या पगारावर वेगळा भत्ता देतात, कारण त्यांना लागणाऱ्या वस्तू इथे कधी महाग पडतात, कधी स्वस्त. तो किती द्यायचा हे ठरवण्यासाठी आमचं गुरुग्रामचं ऑफिस दिल्लीतले भाव गोळा करतं. चीज, दूध, घरभाडं, दातांचा डॉक्टर, केस कापणं, सगळं आलं. भाव विचारत फिरायचं मी. पद्माकर म्हणाले, "म्हणजे गोऱ्यांचा डीए." अगदी तसंच.

माझी साहेब उल्का नावाची मुलगी आहे. मुंबईची, तिशीतली, चालता चालता जेवते. मला 'वीणा मॅम' म्हणते आणि घाईत असली की तोंडून 'काकू' निघून जातं. तीन महिने ट्रायल, काम पसंत पडलं तर कायम. ट्रेनिंग अर्ध्या तासात उरकलं. मुख्य नियम तिने पुन्हा पुन्हा सांगितला: "मॅम, फायनल प्राइस लिहायची हं. पाटीवरची नाही. शेवटचा भाव." मला आतल्या आत हसू आलं. शेवटचा भाव म्हणजे काय ते ही मुलगी मला शिकवणार.

११ नोव्हेंबर

आज आयएनए मार्केट. घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि परदेशी लोकांचं सामान मिळण्याचं ठिकाणही तेच. ब्रोकोली, अव्होकाडो, पार्सली, डबाबंद काय काय. मला तिथे सगळे ओळखतात. सतबीर भाजीवाला तर मी दिसले की भाव सांगायच्या आधीच कपाळाला हात लावतो.

अव्होकाडो मी जन्मात कधी घेतला नव्हता, पण घासाघीस ही घासाघीसच. आधी फळ दाबून नाक मुरडायचं. मग भाव विचारायचा. मग "लास्ट बोलो" म्हणायचं. मग पाठ फिरवून चालायला लागायचं. हाक येतेच. सांगितलेल्या भावाच्या निम्म्याच्या जरा वर आणून ठेवला आणि तो लिहिला. चीजवाला हट्टी निघाला, पण शेवटी वाकला.

एका रकान्यापाशी मात्र अडले. 'ताजी सुगंधी पानं, शंभर ग्रॅम.' पार्सली, बेसिल, कोथिंबीर, जे जास्त खपतं त्याचा भाव. खपते अर्थातच कोथिंबीर. पण दिल्लीत आल्यापासून मी कोथिंबीर विकत घेतलेली नाही. भाजीवर धनिया-मिरची फुकट टाकायची हा इथला रिवाज आहे आणि तो सतबीरने मोडलेला मी खपवून घेणार नाही. खोटा आकडा तरी कसा लिहू? शून्य लिहिलं. कामात प्रामाणिकपणा हवाच.

१८ नोव्हेंबर

या कामात परदेशी लोकांच्या घरी जाऊनही विचारायचं असतं, तुम्ही काय घेता, कुठून घेता. आज गुरुग्रामला हानाच्या घरी गेले. ती चेक देशातली. नवरा तोमाश मानेसरच्या मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि मुलगी एलिश्का आठ वर्षांची. हाना उंच आणि मोकळ्या स्वभावाची आहे. तिने मला चहा म्हणून जे दिलं त्यात दूधही नव्हतं आणि चहाही नव्हता, वाळलेली फुलं होती. प्यायले.

तिची बिलं बघून माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. सोसायटीच्या खालच्या चकाचक दुकानातून ही बाई टोमॅटो घेते. कोथिंबिरीला साठ रुपये मोजते. मी विचारलं, तुम्ही भाव करत नाही? ती म्हणाली, भाव लिहिलेला असतो ना. आपले पद्माकरही असेच. ऑफिसबाहेरच्या गाडीवरून पेरू आणतात आणि म्हातारा म्हणेल ते देऊन, वर त्याला थँक्यू म्हणून येतात. किती घेतलेत हे मी विचारल्याशिवाय राहत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

मग हानाने एक गोष्ट सांगितली. जानेवारीत कंपनी भत्ता नव्याने ठरवते. तो उतरला की घरभाडं आणि शाळा झेपत नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या एका शहरात तो उतरला, तेव्हा पुरुष मागे राहिले आणि बायका-मुलं परत गेली. हानाला जायचं नाही. आधी एकदा तोमाश मेक्सिकोत आणि या दोघी घरी, अशी दोन वर्षं त्यांनी काढली आहेत. "एलिश्का रोज टेलिफोनला गुड नाइट म्हणायची," ती म्हणाली. "बाबांना नाही. टेलिफोनलाच. तो बंद असला तरी."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, अजिबात काळजी करू नकोस, दिल्लीचे भाव या वेळी मीच मोजतेय. अगदी जीव ओतून करीन.

२६ नोव्हेंबर

हानाला आयएनएला नेलं. साठ रुपयांची कोथिंबीर माझ्या डोक्यातून जाईना. मेट्रोने आली, एलिश्काला घेऊन. सतबीरसमोर तिला उभी केली आणि मी मागे थांबले. पहिल्यांदा ती लाजली. दुसऱ्यांदा म्हणाली, "भैया, लास्ट बोलो." तिसऱ्या दुकानात पाठ फिरवून अशी निघाली की दुकानदार गल्लीत धावत आला. एलिश्का तर पोट धरून हसत होती. येताना पिशवीत फुकटची कोथिंबीर आणि वर मूठभर मिरच्या.

हानाचे नवे भावही लिहून टाकले. आता घरोघरीचा आकडा आणि बाजाराचा आकडा छान जुळतात.

पद्माकर म्हणाले, "तू मोजायला जातेस का शिकवायला?" म्हटलं, दोन्ही. त्यात वाईट काय?

४ डिसेंबर

बाहेर धूर इतका की समोरचा ब्लॉक दिसत नाही. नेहरू प्लेसला हवा शुद्ध करायच्या यंत्राची जाळी, तिचा भाव केला. ब्रोकरला फोन करून तीन खोल्यांच्या फ्लॅटचं भाडं खाली आणलं, घ्यायचा नसताना. दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, आजवर माझ्याशी कुणी भाव केला नव्हता." पण केला कमी. सगळे आकडे आज पाठवून दिले. एवढं समाधान मला किती तरी दिवसांत वाटलं नव्हतं.

११ डिसेंबर

उल्काचा फोन. मुख्य ऑफिसने विचारलंय, दिल्लीत कोथिंबीर मिळेनाशी झालीय का? आणि दुसरं म्हणजे दिल्लीचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा एक तृतीयांशाने खाली आलाय. असं जगात कुठेच झालेलं नाही. "मॅम, दिल्लीत नेमकं काय झालंय?"

मी म्हटलं, काही नाही झालं, पहिल्यांदा कुणीतरी नीट मोजलंय. मी कुठल्या कुठल्या दुकानांत गेले होते ते तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, उद्या मी तुमच्याबरोबर मार्केटला येते. कौतुकाची मुलगी आहे. बहुतेक माझी पद्धत बाकीच्यांना शिकवायचा विचार असेल. रात्री चकल्या करून ठेवल्यात तिच्यासाठी.

१२ डिसेंबर

चकल्यांचा डबा परत घरी आलाय.

सतबीरच्या दुकानात मी अव्होकाडोचा भाव केला, नेहमीप्रमाणे. उल्का शेजारी उभी. मग तिने स्वतः एक उचलला आणि विचारलं, "मुझे भी इसी रेट में दे दो." सतबीर म्हणाला, "नहीं जी, ये तो मैडम का रेट है. आपको तो दूसरा लगेगा." उल्काने विचारलं, मैडम का रेट म्हणजे? "बीस-बाईस साल से आ रही हैं. इनसे बहस करके मेरी दुकान थोड़े ही चलेगी. इनका अलग चलता है." तीच गोष्ट चीजवाल्याकडे. तीच मासळीवाल्याकडे, आणि मी तर मासे खातही नाही.

उल्का पहिल्यांदा खूप हसली. मग हसायची थांबली. बाहेरच्या चहावाल्याकडे उभं राहून तिने समजावलं. फायनल म्हणजे टॅक्स धरून. दुकानदार अनोळखी माणसाकडून जेवढे घेतो तेवढे. काल विमानातून उतरलेल्या, इथली भाषा येत नसलेल्या माणसाला जे द्यावे लागतात ते. "काकू, तुम्ही लिहिलेत ते दिल्लीचे भाव नाहीत. तुमचे आहेत." नंतर म्हणाली, चूक माझीही आहे, मी शेवटचा भाव असं मराठीत सांगायला नको होतं. इंग्लिशमध्ये बोलले असते तर तुम्ही टॅक्सचं विचारलं असतंत.

मला तेव्हाही आधी माझंच वाटत होतं, की ट्रायल गेली. माझ्या नोंदी जमा करायला गुरुग्रामच्या ऑफिसला निघाले आणि मेट्रोचा जिना उतरताना हाना आठवली. एक तृतीयांश. मी बायकांच्या डब्यात उभ्याउभ्या रडले. एका कॉलेजच्या मुलीने जागा दिली आणि पाण्याची बाटली पुढे केली. तिला आधीच उतरायचं होतं, पण माझ्यासाठी दोन स्टेशनं पुढे आली म्हणाली.

१३ डिसेंबर

हानाकडे गेले. कच्चा आकडा कंपनीत पोचलाय आणि कंपनीने सगळ्यांना कळवलंय. तोमाशने जानेवारीअखेरची दोन तिकिटं बघून ठेवलीत, हाना आणि एलिश्काची. ती मला म्हणाली, "तू तर म्हणाली होतीस, तू मोजतेयस."

मी सांगितलं. सगळं. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पण मी खरंच त्या भावात घेतलं ना?" म्हटलं, घेतलंस, कारण मी मागे उभी होते. ती म्हणाली, "दुसऱ्यांदा तू नव्हतीस. मी एकटी गेले होते." आणि एवढ्या दुःखातही तिच्या चेहऱ्यावर अभिमान दिसला. मला आणखीच अपराधी वाटलं.

उल्काने मुख्य ऑफिसकडून मुदत मागून घेतलीय. नाताळच्या सुट्टीआधी सगळे भाव पुन्हा जमवून दिले तर पक्का आकडा बदलता येईल. नाही तर हाच कायम.

१६ डिसेंबर

माझ्याने होत नाही. लिहायला लाज वाटते, पण होत नाही. आयएनए सोडून खान मार्केटला गेले, तिथे मला कुत्रं ओळखत नाही. तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल. ठरवून गेले होते की भाव विचारायचा, लिहायचा, पुढे जायचं. दुकानदाराने चीजचा भाव सांगितला आणि माझ्या तोंडून "इतना" निघालं. फक्त एवढंच. त्याने लगेच कमी केला.

मग हानाला पाठवलं. ती खरी परदेशी, तिच्याहून चांगलं कोण? दुकानदाराने भाव सांगितला, तिने फळ दाबलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, "भैया, लास्ट बोलो." मी हाका मारतेय, नको नको म्हणून, पण तोवर ती पाठ फिरवून निघालीसुद्धा. नंतर म्हणाली, सवय झाली. आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या राहून हसलो, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. उल्का सगळीकडे एकटी पोचू शकत नाही. नवखा माणूस आणायचा कुठून?

संध्याकाळी पद्माकर पेरू घेऊन आले. "किती घेतलेत?" मी विचारलं. त्यांनी सांगितलं. एरवी मी अर्धा तास बोलले असते. आज त्यांच्याकडे नुसती बघत राहिले.

१८ डिसेंबर

पद्माकरांनी रजा टाकली. नोकरीत इतक्या वर्षांत आजारपणाशिवाय रजा न घेतलेला माणूस. ऑफिसचा कोट घालून निघाले. मी बजावलं, जे सांगतील ते लिहायचं, तोंड वाकडं करायचं नाही. म्हणाले, "मला काय शिकवतेस? माझं त्यात आयुष्य गेलंय."

मला बाजारात शिरायची बंदी. मी मेट्रोच्या दारापाशी उभी. ते तासाभराने आले ते खुशीत. सतबीरने त्यांना अव्होकाडोचा जो भाव सांगितला तो ऐकून मी उलट्या पावली आत निघाले होते, त्यांनी दंडाला धरून थांबवलं. आणि कोथिंबीर? "वीस रुपये जुडी. चांगली होती, दोन घेतल्या." सतबीरने कोथिंबिरीचे पैसे घेतले. माझ्या नवऱ्याकडून. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं, पण तरी.

दुपारी गुरुग्राम. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे फी विचारायला पाठवलं तर दात साफ करूनच बाहेर आले. म्हणाले, बाई इतक्या आदराने बोलल्या की नाही म्हणवेना.

परतताना मेट्रोच्या डब्यात मी विचारलं, एवढी वर्षं तुम्हाला कळत नव्हतं का, की तुमच्याकडून जास्त घेतात?

"कळायचं की."

"मग?"

"घरी आलो की तुला बोलायला काहीतरी मिळायचं. मुलं मोठी झाल्यावर तर घर फारच शांत असायचं."

हे काय उत्तर झालं? एवढ्या वर्षांत पेरूंवर किती पैसे गेले असतील. पण आज त्यांना काही बोलले नाही, दमले होते. उद्या आणि परवा परत जायचंय, उत्साहाने शर्टाला इस्त्री करून ठेवलीय त्यांनी.

९ जानेवारी

आकडा आला. दिल्ली मागच्या वर्षीपेक्षा थोडी वर. भत्ता उतरणार नाही. हानाचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. ती चेक भाषेत काहीतरी बोलत सुटली, मी मराठीत, आणि दोघींना सगळं समजलं. मागून एलिश्काचा आवाज येत होता. तिला तिकिटांचं कधी सांगितलंच नव्हतं म्हणे, पण तिला माहीत होतं.

उल्काने मला ट्रायल संपायच्या आधीच कायम केलं. अट एकच: बाजारात जाऊन भाव विचारायचा नाही, कधीही. घरोघरी जाऊन लोकांशी बोलायचं, ते मला जमतं असं तिचं मत. तिने चकल्याही मागितल्या.

आणखी एक. मुख्य ऑफिसने या गोंधळावरून आता दिल्लीसाठी दोन तक्ते केलेत. एक नवख्यांचा, एक रुळलेल्यांचा. रुळलेल्यांना भत्ता जरा कमी, पण तो तक्ता घेणाऱ्या कुटुंबाला तोमाशच्या कंपनीच्या नियमाने आणखी दोन वर्षं इथे राहता येतं. त्या दुसऱ्या तक्त्याला उल्काने हानाने एकटीने केलेले भाव धरले. मी विचारलं, माझे का नाही? म्हणाली, "तुमच्यासाठी तिसरा तक्ता काढावा लागेल मॅम, तो अजून कुठल्याच शहरात नाहीये."

१९ जानेवारी

हानाने आज रुळलेल्यांच्या तक्त्यावर सही केली. तोमाशला काळजी वाटत होती, कमी पैशांत भागेल का. ती म्हणाली, भाजी मी आणते, तुला काय माहीत. बातमी सांगायला तिघंही लक्ष्मीबाई नगरला आले होते. तोमाशने दोन थाळ्या पिठलं-भाकरी खाल्ली. जाताना एलिश्काने झोपाळलेल्या आवाजात मला गुड नाइट म्हटलं, मग पद्माकरांना, मग वडिलांच्या खांद्यावर डोकं टाकलं.

ते गेल्यावर पद्माकर भांडी आवरायला आले. म्हणाले, "जूनसाठी पॅकर्सवाल्यांना आत्ताच विचारून ठेवायला हवं. पुण्याचा ट्रक महाग झालाय म्हणतात."

मी म्हटलं, थांबा जरा. हानाचं अजून दोन वर्षं आहे. तिला इथे दुसरं कोण आहे?

ते ताट पुसत राहिले. मग म्हणाले, "क्वार्टर सोडावं लागेल. बाहेर घर घ्यायचं म्हणजे भाडं केवढं सांगतील ठाऊक आहे ना?"

"ब्रोकरशी मी बोलेन," मी म्हटलं. "तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"बिल्कुल नाही," ते म्हणाले, आणि पुसलेलं ताट पुन्हा पुसायला लागले.